गाण्याआधीचे तेरा सेकंद

सुईसाहेबांनी आयुष्यात बढाई एकदाच मारली, आणि तीही दवाखान्यात, थेरपिस्टच्या खोलीत, बायको शेजारी बसलेली असताना.

एरवी माणूस तसा घुम्या. रेडिओ केंद्रात चौतीस वर्षं रेकॉर्डिंगचं काम केलं आणि ती चौतीस वर्षं नजर आवाज मोजणाऱ्या मीटरच्या सुईवर ठेवली. सुई लाल पट्ट्यात शिरली की यांचा चेहराही लाल व्हायचा. समोर काचेपलीकडे गाणारी बाई रडली काय नि हसली काय, यांना सुई काय करते तेवढं कळायचं. तिथल्या लोकांनी त्यांचं नाव सुईसाहेब पाडलं, आणि ते निवृत्त झाले तरी नाव काही निवृत्त झालं नाही, गल्लीपर्यंत आलं.

बायकोला सगळे बाई म्हणत. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेलं, त्यामुळे अर्धी गल्ली तिच्या हाताखालून गेलेली. बाईंचा आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत जायचा. आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तिच्या घशातली गाठ काढली आणि गाठीबरोबर स्वरयंत्रही काढलं. सगळं इतक्या घाईत झालं की निरोपाचं बोलणंसुद्धा झालं नाही. सकाळी ती आत जाताना म्हणाली होती, "गॅस बंद केलाय ना बघा." तेच शेवटचं. आता गळ्याशी एक भोक होतं, त्यावर जाळीचा पट्टा, आणि मांडीवर पांढरी पाटी. पुसल्या जाणाऱ्या शाईच्या पेनने लिहायचं, फडक्याने पुसायचं. अक्षर मात्र अजून फळ्यावरच्यासारखं, रेघ न चुकणारं.

बोलण्याचे उपचार करणारी ती थेरपिस्ट तरुण होती आणि कामाची होती. तिने सांगितलं, एक यंत्र मिळेल. वहीएवढं. त्यावर लिहिलं की ते मोठ्याने बोलतं. तयार आवाज त्यात असतातच. पण आजींचा स्वतःचा जुना आवाज कुठे रेकॉर्ड केलेला असेल, स्पष्ट, निदान वीस मिनिटं, तर कंपनी त्यावरून त्यांच्यासारखाच आवाज बनवून देते.

"मोबाईलवर असेल ना काहीतरी?" तिने विचारलं.

लेक सोबत आली होती. ती म्हणाली, "गेल्या दोन वर्षांतले निरोप आहेत, पण तेव्हा आवाज बसलेलाच होता. आम्हाला वाटायचं सर्दी आहे. त्याआधीचा फोन पाण्यात पडला. आणि व्हिडिओत आई दिसतच नाही. फोन तिच्याच हातात असायचा."

"बसलेला आवाज चालणार नाही," थेरपिस्ट म्हणाली. "आधीचाच हवा. पंधरा दिवसांत द्याल? यंत्रांसाठीची ही यादी कंपनीकडे गेली की पुढचं वर्षभर नंबर लागत नाही."

तेव्हा सुईसाहेब खुर्चीत सरसावून बसले. "वीस मिनिटं?" ते म्हणाले. "माझ्याकडे हिच्या आवाजाचे पावणेसात तास आहेत."

लेकीने चमकून बापाकडे पाहिलं. बाईंनी पेनाचं टोपण काढलं, पाटीवर टेकवलं, आणि काही न लिहिता पुन्हा लावलं. सुईसाहेबांचं तिकडे लक्ष नव्हतं.

पावणेसात तासांचा हिशेब खोटा नव्हता. रेडिओवर लागणाऱ्या मैफली ते घरी टेपवर उतरवून घेत. अशा अकराशे टेपा. केंद्रातला नियम त्यांनी घरीही लावला होता: प्रत्येक टेपेच्या प्रत्येक बाजूवर आधी तोंडी नोंद करायची. कोणती टेप, कोणती बाजू, कोण गातंय, तारीख काय. "कागद निघून पडतो, आवाज चिकटून राहतो," असं ते म्हणत. स्वतःचे दोन्ही हात यंत्राच्या खुंट्यांवर आणि कान हेडफोनमध्ये, शिवाय गळा फाटका. मग नोंद कोणी बोलायची? बाईंनी. ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून यायचं, माइकसमोर उभं राहायचं, कागदावरचं वाचायचं, परत जायचं. दर वेळी अकरा सेकंद, इकडे तिकडे एखादा. अकराशे टेपा, बावीसशे बाजू. पावणेसात तासांना थोडं कमी. शाळेत तीस वर्षं बोलली ते हवेत विरलं, पण नवऱ्याच्या टेपांवर ती राहिली होती.

घरी आल्यावर त्यांनी चपला काढल्या आणि थेट आतल्या खोलीत गेले. टेबलावर कॉम्प्युटर, त्याला लावलेली काळी हार्ड डिस्क. अकराशे टेपा आणि नंतर कुठून कुठून जमवलेलं मिळून चौऱ्याऐंशी हजार फायली. प्रत्येकीला नाव, साल, गायकाचं नाव, साथीदारांची नावं. दुसरी डिस्क लोखंडी कपाटात, तिथूनच वायरने जोडलेली, तिसरी लेकीच्या घरी. तीन प्रती, दोन घरं. आग लागो, पूर येवो, संग्रहाला धक्का लागणार नाही. निवृत्तीनंतरची अकरा वर्षं त्यांनी या एका कामाला दिली होती, आणि डोळ्यांत तेल घालून दिली होती.

त्यांनी टेप क्रमांक एक उघडली.

तानपुरा सुरू झाला. एकदम, पहिल्या क्षणापासून.

त्यांनी टेप क्रमांक दोन उघडली. व्हायोलिन. तीन उघडली. वाद्यवृंद. तिसरीलाच त्यांना सगळं आठवलं होतं, खरं तर दुसरीलाच. तरी ते उघडत राहिले. चाळीस फायली उघडल्या. प्रत्येकीत गाणं अगदी वेळेवर सुरू होत होतं, कारण गाण्याआधीचं सगळं त्यांनीच कापलं होतं.

टेपांवरून कॉम्प्युटरवर आणताना काय काय करावं लागलं, ते विचारू नका. टेपेचा सुसकारा काढायचा, खरखर काढायची, टाळ्या लहान करायच्या, आणि सुरुवातीची नोंद उडवायची. नोंदीतलं सगळं आता फायलीच्या नावातच होतं, मग तिची गरज काय? ऐकणाऱ्याला गाणं हवं असतं. रोज वीस-पंचवीस बाजू. पडद्यावर आवाजाची नक्षी दिसायची, सुरुवातीला छोटा ठिपक्याठिपक्यांचा पुंजका, मग रिकामी पट्टी, मग गाणं. पुंजका निवडायचा, बटण दाबायचं. पुढेपुढे ते न ऐकताच कापू लागले होते. नक्षी बघूनच कळायचं, ही बाईंची अकरा सेकंदांची अळी.

बाईंनी एकदा विचारलं होतं. भाजी निवडत बाहेर बसल्या होत्या, आतून गाणं लागलं, आणि त्या म्हणाल्या, "अहो, मला काढून टाकलंत का?"

"स्वच्छ केलं," सुईसाहेब म्हणाले होते.

त्या पुन्हा भाजी निवडू लागल्या होत्या. दवाखान्यात पाटीवर टेकलेलं पेन आता त्यांना दिसलं.

मग त्यांना लेकीची डिस्क आठवली, आणि जीव थोडा भांड्यात पडला. कापलेल्या फायली डिस्कवर चढवल्या की न कापलेल्या पुसून जागा करायची, ही त्यांची रीत. पण लेकीकडची डिस्क त्यांच्या डिस्कशी जुळवून घ्यायला लेकीला दर रविवारी ती घेऊन यावं लागे. पोरगी लहानपणापासून चालढकल करणारी. एखादं वर्ष, एखादा महिना तरी तिने कंटाळा केलाच असेल. डिस्कच्या कुठल्यातरी कोपऱ्यात जुन्या फायली पडून असतील. त्यांनी फोन लावला. आपली मुलगी आळशी निघावी म्हणून देवाकडे मागणं मागणारा बाप त्या दिवशी दुसरा कोणी नसेल.

"तुझ्याकडची डिस्क कधी चुकली होती का ग जुळवायची?" त्यांनी विचारलं. "राहून गेली असेल एखादे वेळी. मी रागावणार नाही."

"नाही हो बाबा. एकही रविवार नाही चुकवला. तुम्ही केवढे ओरडायचात. बाळंतपणातसुद्धा ह्यांच्या हाती पाठवली होती. का?"

"काही नाही," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

तिन्ही प्रती बिनचूक होत्या. एका डिस्कवर पुसलं की दुसरीवर पुसलं जायचं, दुसरीवर पुसलं की तिसरीवर. यंत्रांनी कुठे म्हणून कुचराई केली नव्हती. बाई तिन्ही ठिकाणांहून सारख्याच नीट पुसल्या गेल्या होत्या.

आणि मूळ टेपा? त्या त्यांनी काम संपल्यावर रद्दीवाल्याच्या टेम्पोत भरून दिल्या होत्या. दोन खोल्यांच्या घरात अकराशे टेपा ठेवायच्या कुठे, हा त्यांचा प्रश्न होता. डिस्कवर आलंय ना सगळं, हे त्यांचं उत्तर.

बाईंना सांगायला ते बाहेर गेले. बाई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत पाटी पुढे झाली. तिच्यावर आधीच लिहिलेलं होतं: *माळ्यावर कच्च्या आहेत.*

कच्च्या. त्यांना कसं आठवलं नाही? अगदी सुरुवातीला, हार्ड डिस्क घ्यायच्या आधी, त्यांनी टेपा जशाच्या तशा डीव्हीडीवर उतरवल्या होत्या. न कापलेल्या, न धुतलेल्या. दोनशे छत्तीस डीव्हीडी. त्यांना ते कच्च्या म्हणत. नंतर हार्ड डिस्कवर पक्कं काम सुरू झालं आणि कच्च्यांची खोकी माळ्यावर गेली, पत्र्याच्या छपराखाली. सुईसाहेब एकाहत्तर वर्षांचे होते आणि गुडघे कुरकुरत होते, तरी ते त्याच दुपारी स्टुलावर चढले आणि चार खोकी उतरवून खाली आणली. बाईंनी स्टूल धरलं होतं.

खोकं उघडलं तर प्रत्येक डीव्हीडीवर गोल कागदी लेबल, आणि लेबलवर बाईंचं अक्षर. तेव्हा सुईसाहेबांनीच हट्ट धरला होता. पेनने डीव्हीडीवर लिहिलेलं त्यांना बघवत नव्हतं. गोल चिकटकागद आणले, बाईंकडून लिहून घेतले, बाईंकडूनच चिकटवून घेतले, जरासुद्धा फुगा न राहू देता. शाळा सुटल्यावर ती दोनशे पस्तीस लेबलं तिने लिहिली होती. आता कागद पिवळा पडला होता आणि कडा उचलल्या होत्या. पहिली डीव्हीडी त्यांनी उजेडात धरली. मागच्या चांदीला कागदाच्या आकाराचा डाग पडला होता, आणि डागातून खिडकी दिसत होती.

डिंकाने चांदी खाल्ली होती. बारा-तेरा उन्हाळे पत्र्याखाली डिंक पाघळला, आकसला, पुन्हा पाघळला, आणि कागदाबरोबर डीव्हीडीही किंचित वाकली. यंत्रात घातली की ती आत थरथरायची. यंत्र गुरगुरायचं, थांबायचं, पुन्हा गुरगुरायचं आणि शेवटी तबकडी बाहेर फेकायचं.

त्यांनी नऊ दिवस तेच केलं. सकाळी चहा झाला की बसायचे, उजेड जाईपर्यंत. एक घालायची, गुरगुर ऐकायची, काढायची. कागद ओला करून खरवडून पाहिला, तर कागदाबरोबर चांदीचे पापुद्रे निघाले. ओल्या फडक्याने पुसून पाहिल्या. तीन वेगवेगळी यंत्रं आणली, त्यातलं एक केंद्रातल्या जुन्या मित्राकडून. सत्तावीस क्रमांकाच्या डीव्हीडीतून एकदा अचानक बाईंचा आवाज आला, "टेप क्र," आणि अडकला. "टेप क्र, टेप क्र, टेप क्र." बाहेर बाईंच्या हातातलं भांडं वाजलं. सुईसाहेबांनी ते सात वेळा चालू दिलं, आठव्यांदा यंत्र बंद पडलं आणि त्या तबकडीने पुन्हा हूं की चूं केलं नाही.

रविवारी लेक आली. दारात उभं राहून तिने जमिनीवरची चळत बघितली. तपासून झालेल्या एका बाजूला, राहिलेल्या दुसऱ्या बाजूला. राहिलेल्या आता फार नव्हत्या.

"बाबा, चौऱ्याऐंशी हजार," ती म्हणाली. "चौऱ्याऐंशी हजार गाणी ठेवलीत तुम्ही. कुणाकुणाच्या साथीला कोण बसलं होतं ते ठेवलंत. खोकले किती ठेवलेत माहितीये? मी ऐकलंय, गाण्याच्या मध्येच लोक खोकतात, ते तसंच आहे."

"खोकला गाण्यात मिसळलेला असतो. तो काढता येत नाही," ते म्हणाले.

"आणि आई काढता आली."

लेकीचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. तिने पर्स खुंटीला लावली, त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली आणि पुढची डीव्हीडी पुसून त्यांच्या हातात दिली. संध्याकाळपर्यंत दोघं तबकड्या घालत आणि काढत राहिले. ती गेली तेव्हा अकरा उरल्या होत्या.

शेवटची, दोनशे छत्तिसावी, त्यांनी मंगळवारी दुपारी हातात घेतली. तिच्यावर लेबल नव्हतं. लेबलं संपली होती, म्हणून मधल्या पारदर्शक कड्यावर त्यांनी स्वतःच्या गिचमिड अक्षरात पेनाने आकडा टाकला होता. मागून चांदी स्वच्छ होती. त्यांचं कुरूप अक्षर तेवढं वाचलं होतं आणि वाचवूनही गेलं होतं.

यंत्र गुरगुरलं नाही. पडद्यावर दोन फायली आल्या. टेप क्रमांक अकराशे, पहिली बाजू, दुसरी बाजू. शेवटची टेप, म्हणून डीव्हीडीवर तेवढीच. दुसरी बाजू उघडेना. पहिली उघडली. त्यांनी आधी ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, मग कानाला हेडफोन लावले, मग चालू केली.

"टेप क्रमांक अकराशे. बाजू पहिली." बाई होत्या. त्यांच्या शेजारी उभ्या असल्यासारख्या, ओल्या हातांनी. गायिकेचं नाव, तारीख, वार. श्वास. आणि मग, कागदावर नसलेलं, हलक्या आवाजात: "आता बोलू का मी?"

आणि लगेच एक पुरुषी आवाज, फाटका, मागून: "गप्प. सुरू झालंय."

खट्. माइक बंद. तानपुरा.

सगळे मिळून तेरा सेकंद. अकरा तिचे, दोन त्यांचे. माइकची खुंटी फिरवायला त्या दिवशी त्यांना उशीर झाला होता, एवढंच. नाहीतर हेही टेपेवर आलं नसतं.

त्यांनी ते पुन्हा लावलं. आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं. राग नव्हता. दाराची कडी लावताना माणूस दाराशी जितपत बोलतो, तितपतच होतं ते. सहज. सवयीचं. त्या वारी ती दिवसभर काहीतरी सांगायचं म्हणून थांबली असणार, नोंद झाल्यावर तरी ऐकतील म्हणून. मैफल दोन तासांची होती. नंतर तिने सांगितलं का? त्यांनी विचारलं का? सुईसाहेबांना त्या रात्रीची गायिका आठवत होती, तिसऱ्या गाण्यात तिचा सूर कुठे हलला तेही आठवत होतं. बाईंना काय सांगायचं होतं, ते आठवत नव्हतं. लाज वाटली. कान तापले, इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

पडद्यावर नक्षी होती. पहिला पुंजका, लहानसा दुसरा पुंजका, रिकामी पट्टी, गाणं. त्यांचा हात माउसवर होता. थेरपिस्टला हिचाच आवाज हवा आहे, दुसऱ्याचा आत आला तर यंत्राचा घोळ होईल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. ते कारण काही अगदीच खोटं नव्हतं. त्यांनी दुसरा पुंजका निवडला आणि बटण दाबलं. मग गाणंही कापलं. उरले अकरा सेकंद. त्याच नावाने साठवलं, आणि क्षणात तिन्हीपैकी दोन डिस्कवर ते जाऊन बसलं.

मग मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी मूळ डीव्हीडी पुन्हा आत घातली. यंत्र गुरगुरलं, थांबलं, पुन्हा गुरगुरलं आणि तबकडी बाहेर आली. त्यांनी चार वेळा घातली.

बाईंना त्यांनी खुर्चीत बसवलं आणि स्पीकर लावले. आठ महिन्यांनी घरात तिचा आवाज न अडकता झाला. तारीख, वार, श्वास. "आता बोलू का मी?" आणि मग काही नाही. बाई हसल्या. कित्येक दिवसांनी त्या चेहऱ्यावर असं काही उमटलं, आणि सुईसाहेबांना वाटलं, बरं केलं आपण, चांगलं केलं. मग त्यांच्या लक्षात आलं की बाई अजून स्पीकरकडेच पाहत आहेत, वाट पाहत.

"काय सांगायचं होतं ग तुला त्या दिवशी?" त्यांनी विचारलं.

बाईंनी पाटी ओढली. *पुढचं कुठंय?*

"पुढचं काय?"

पाटीवर शब्द तसाच राहू देऊन तिने त्याखाली पेनाने एक रेघ मारली, शाळेत उत्तर अपुरं असलं की मारायची तशी.

"एवढंच आहे," सुईसाहेब म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग फडकं घेतलं आणि पाटी वरपासून खालपर्यंत सावकाश पुसली. त्या दिवसापुरतं तिने काही लिहिलं नाही.

थेरपिस्टने अकरा सेकंद ऐकून घेतले आणि फार चांगुलपणाने सांगितलं, की आठवण म्हणून जपून ठेवा, पण यातून आवाज बनणार नाही. मग तयार आवाजांपैकी एक निवडायला सांगितलं. बाईंनी यादी ऐकलीसुद्धा नाही. पहिल्याच नावावर बोट ठेवलं.

यंत्र महिन्याने आलं. थेरपिस्टच्या त्याच खोलीत, त्याच खुर्च्यांवर चौघं बसले. लेकीने येताना फुलं आणली होती. थेरपिस्टने यंत्र बाईंच्या मांडीवर ठेवलं, अक्षरं कुठे, पुसायचं कसं, आणि खालचं निळं बटण दाबलं की बोलतं, सगळं समजावून सांगितलं.

"आता आजी, पहिलं वाक्य तुमचं. मनात येईल ते लिहा. काहीही चालेल."

बाईंनी लिहायला घेतलं. दोन-तीन शब्द झाले असतील. सुईसाहेब पुढे झुकले. सगळा महिना त्यांनी मनाशी घोकलं होतं की ती पहिलं काहीही बोलली, अगदी शिव्या दिल्या तरी, आपण मध्ये बोलायचं नाही, शेवटपर्यंत ऐकायचं. त्यांनी हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते.

बाईंनी मान वर केली, नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि निळं बटण दाबलं.

"गप्प," कुठल्यातरी परक्या, तरुण, गोड बाईचा आवाज म्हणाला. "सुरू झालंय."

थेरपिस्टने टाळी वाजवली. "वा, किती स्पष्ट आलं."

लेक हसत हसत डोळे पुसत होती. "आईचं काहीतरीच. काय सुरू झालंय आई? बाबा, काय म्हणतेय ती?"

बाईंनी यंत्र बंद करून सुईसाहेबांच्या मांडीवर ठेवलं आणि पिशवीतून पाटी काढली.